टॅग १९३६९४१४२४: एमपीआय डेटाटाइपच्या नावांचं एक प्रकरण

दगडखाणीच्या क्रशरवरून उठलेली धूळ वाऱ्याबरोबर कुठवर जाते आणि कुठे बसते, याचं गणित मांडणारा एक विद्यार्थी आमच्या विभागात पीएचडी करतो. मी तिथल्या छोट्या क्लस्टरची (जोडून एकत्र चालवलेल्या संगणकांची) देखभाल बघते आणि ‘मॅडम, जॉब लटकला’ म्हणत येणाऱ्यांचं निस्तरते. हा मात्र तक्रार घेऊन आला नव्हता, आलेख दाखवायला आला होता. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर हवेत तरंगणारे कण. रेघ हळूहळू खाली येत होती. धूळ बसत होती. सगळं पटण्यासारखं.

मी सहज विचारलं, “हवेतले, जमिनीवर बसलेले आणि हद्दीबाहेर गेलेले, तिन्ही मिळवून बघितलेस का?”

बघितले नव्हते. तिथेच बसून मिळवले. सुरुवातीला दोन लाख कण सोडले होते, बेरीज साधारण साडेसहा हजारांनी कमी आली. म्हणजे त्या उतरत्या रेघेचा एक भाग धूळ बसल्याचा होता आणि एक भाग कण चक्क गायब झाल्याचा. आलेखावर दोन्ही सारखेच दिसतात, हीच खरी पंचाईत.

प्रोग्राम सी भाषेत, एमपीआय (अनेक प्रोसेसनी एकमेकांना संदेश पाठवायची प्रमाणित पद्धत) वापरून लिहिलेला. सगळी जागा चौकटींमध्ये वाटलेली, प्रत्येक प्रोसेसकडे एक चौकट. लॅपटॉपवर आठ प्रोसेस, चार गुणिले दोन. कण चौकटीची सीमा ओलांडतो तेव्हा तो शेजारच्या प्रोसेसला संदेशातून पाठवायचा. हे काम दोन फेऱ्यांत चालतं. पहिल्या फेरीत सरळ शेजारी, दुसऱ्या फेरीत कोपऱ्यातून तिरपे निघालेले. पहिली फेरी विभागातल्या जुन्या कोडमधून उचललेली, दुसरी या विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली. कण हरवत असतील तर दुसऱ्याच फेरीत, हा अंदाज पहिल्या तासातच आला होता. तो बरोबर निघाला, पण सिद्ध करायला चार दिवस गेले. या चारपैकी तीन दिवस आम्हाला डेटाटाइपच्या, म्हणजे संदेशातला माल कसा मांडलाय ते सांगणाऱ्या प्रकारांच्या, नावांनी फिरवलं, म्हणून हे लिहायला घेतलं.

कोरी नावं

कोणता संदेश कुठे जातो ते बघायचं तर एमपीआयमध्ये एक जुनी सोय आहे. प्रत्येक फंक्शनला पी अक्षराने सुरू होणारं जुळं नाव असतं. आपण स्वतःचं ‘एमपीआय_सेंड’ लिहायचं, त्यात हवी ती नोंद करायची आणि खरं काम ‘पीएमपीआय_सेंड’कडे सोपवायचं. मूळ प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. विद्यार्थ्याने असं वेष्टण लिहिलं आणि प्रत्येक नोंदीत रँक (प्रोसेसचा क्रमांक), टॅग (संदेशावरचा ओळख-आकडा), नग आणि डेटाटाइपचं नाव छापायचं ठरवलं.

नाव हवंच होतं, कारण डेटाटाइपचं हँडल, म्हणजे लायब्ररी त्याला ओळखते ती खूण, छापून काही कळत नाही. एमपीआयच्या दोन लायब्रऱ्या आमच्याकडे आहेत, ओपन एमपीआय आणि एमपिच. ओपन एमपीआयमध्ये ते पॉइंटर असतं, म्हणजे मेमरीतला एखादा पत्ता. एमपिचमध्ये ते पूर्णांक असतं आणि मूळ प्रकारांसाठी त्यात थोडं तरी वाचता येतं. ‘एमपीआय_इंट’चं हँडल तिथे हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ४सी०००४०५ असं येतं आणि शेवटून दुसरी जोडी, ०४, ही बाइटमधली लांबी. आपण बांधलेल्या प्रकारांच्या हँडलवरून मात्र आत काय आहे ते उमगत नाही.

म्हणून ‘एमपीआय_टाइप_गेट_नेम’. १९९४च्या पहिल्या मानकात ही सोय नव्हती, १९९७च्या एमपीआय-२ने ती आणली. हँडल द्यायचं, अक्षरांसाठी एक बफर द्यायचा, नाव आणि त्याची लांबी परत मिळते. मूळ प्रकारांना जन्मतःच नाव असतं: ‘एमपीआय_डबल’ला विचारलं की ‘एमपीआय_डबल’ असंच उत्तर येतं. आपण बांधलेल्या प्रकाराला नाव आपणच द्यायचं, ‘एमपीआय_टाइप_सेट_नेम’ने. दिलं नसेल तर रिकामी स्ट्रिंग मिळते, कचरा मिळत नाही, त्यामुळे उत्तर न तपासता थेट छापलं तरी चालतं.

पहिल्या दिवशीच्या लॉगमध्ये इंट आणि डबल नीट उमटले. नेमके कणांचे संदेश मात्र असे:

रँक १ → ६ | टॅग ४२ | नग ३ | प्रकार: 

प्रकारापुढे कोरं. “मॅडम, मी नाव दिलंय हो,” विद्यार्थी म्हणाला, आणि दिलंही होतं. पण केव्हा? त्याने आधी स्ट्रक्ट (वेगवेगळ्या घटकांचा एक गठ्ठा) प्रकार बांधला, त्याला नाव दिलं, मग सी स्ट्रक्टच्या आकाराशी जुळवून घ्यायला ‘एमपीआय_टाइप_क्रिएट_रिसाइझ्ड’ केलं आणि पाठवताना हा दुसरा प्रकार वापरला. रिसाइझ्डमधून निघतो तो नवा प्रकार, त्याला बापाचं नाव लागत नाही. पाटी जुन्या घरावर राहिली आणि मंडळी नव्या घरात राहायला गेली. नाव द्यायचं ते अगदी शेवटच्या, कमिट (पाठवण्यासाठी पक्का) करणार त्या प्रकाराला, एवढा धडा पहिल्या दिवसाने दिला.

आता विद्यार्थ्याने मनावर घेतलं. पुन्हा कोरं दिसू नये म्हणून त्याने एक मॅक्रो लिहिला, जो फाइलचा पत्ता, प्रकाराचा उद्देश, दिशा, फेरी आणि पाठवणं की घेणं हे सगळं जोडून नाव तयार करतो. पहिल्या फेरीच्या जुन्या प्रकाराचं नाव आटोपशीर राहिलं, दुसऱ्या फेरीचं झालं असं:

डस्टसिम_व्ही२/एसआरसी/एक्स्चेंज/बाउंडरी_पार्टिकल्स_लेफ्ट_टू_राइट_सेकंड_पास_सेंड

मूळ रोमन लिपीत ही ७३ अक्षरं होतात. घेणाऱ्या बाजूचं नावही तेवढंच लांब, फक्त शेवटी ‘सेंड’च्या जागी ‘रिसीव्ह’चं चार अक्षरी रूप.

लॅपटॉपवर लॉग काढला. रँक १ने पाठवताना जे नाव छापलं, अक्षर न् अक्षर तेच रँक ६ने घेताना छापलं. विद्यार्थ्याने निष्कर्ष काढला की दोन्हीकडचा प्रकार एकच, तेव्हा इथे चूक नाही. मीही मान डोलावली. खरं तर दोन नावं शेवटी वेगळी दिसायला हवी होती, सारखी दिसणं हीच खूण होती. पण एवढं लांब नाव शेवटपर्यंत कोण वाचतं?

क्लस्टरवर

मोठ्या संख्येवर बघू, म्हणून तोच प्रोग्राम, तेच वेष्टण क्लस्टरवर चढवलं. लॅपटॉपवर ओपन एमपीआय, क्लस्टरवर एमपिच. पहिली फेरी सुरळीत गेली आणि दुसऱ्या फेरीच्या पहिल्याच संदेशाला सगळं कोसळलं. काही रँक पाठवताना मेल्या, काही घेताना, पण तक्रार एकच: टॅग अवैध, त्याची किंमत १९३६९४१४२४.

प्रोग्राममधला सर्वांत मोठा टॅग ४३ होता.

एक जण अशी संख्या दाखवता तर मेमरीतला कचरा म्हणून सोडून दिलं असतं. इथे वेगवेगळ्या नोडवरच्या डझनभर प्रोसेस अगदी तीच संख्या सांगत होत्या. कचरा इतका शिस्तीचा नसतो. अशा वेळी मी संख्या हेक्समध्ये करून बघते, सवयच आहे. आली ७३७३६१७०. दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडल्या आणि सगळ्या ६ किंवा ७ने सुरू होत असल्या, की ती बहुधा संख्या नसून लहान लिपीतली रोमन अक्षरं असतात. आपल्या प्रोसेसरवर सर्वांत खालचा बाइट आधी बसतो, म्हणून उलटं वाचायचं: ७०, ६१, ७३, ७३. पी, ए, एस, एस. ‘पास’.

टॅगच्या जागी ‘सेकंड_पास_सेंड’मधला ‘पास’ येऊन बसला होता.

वेष्टणाचा कोड उघडला. विद्यार्थ्याने नीटनेटकेपणासाठी नोंदीचा एक स्ट्रक्ट केला होता: आधी नावासाठी ६४ बाइट, लगेच टॅग, मग नग, मग वेळ. सगळं त्यात भरायचं, शेवटी नाव मागवायचं आणि त्याच स्ट्रक्टमधले टॅग आणि नग पुढे ‘पीएमपीआय_सेंड’ला द्यायचे. ६४ कुठून आले? ओपन एमपीआयच्या हेडर फाइलमधून. तिथे ‘एमपीआय_मॅक्स_ऑब्जेक्ट_नेम’ची किंमत ६४ आहे. त्याने ती बघितली आणि स्थिरांकाचं नाव लिहिण्याऐवजी आकडा लिहिला. एमपिचमध्ये तीच किंमत १२८ आहे.

आता दोन्ही यंत्रांवर काय घडलं ते शांतपणे बघण्यासारखं आहे. ओपन एमपीआयने नाव ठेवून घेतानाच कापलं. ६४ पैकी एक जागा शेवटच्या नलची (नाव संपल्याच्या खुणेची), उरली ६३, आणि ६३वं अक्षर म्हणजे बरोबर ‘सेकंड’चं शेवटचं अक्षर. त्यापुढचं ‘पास’ गेलं, ‘सेंड’ गेलं, ‘रिसीव्ह’ही गेलं. म्हणून दोन्हीकडे नाव सारखं. कापल्याबद्दल एररही येत नाही, मानकातच तसं लिहिलं आहे. एमपिचने मात्र ७३ अक्षरं आणि नल, असे ७४ बाइट इमानदारीने परत दिले. त्यातले १० बाइट स्ट्रक्टमध्ये पुढे सांडले. पहिल्या चारांनी टॅग खाल्ला. पुढच्या चारांनी नगाची संख्या खाल्ली, पण लायब्ररीने टॅगवरच अडवल्यामुळे ते कधी वर आलं नाही. उरलेले दोन बाइट वेळेच्या डबलच्या तळाशी गेले. तिथे फार तर अकराव्या सार्थ अंकाच्या आसपास फरक पडतो, तो कोणाच्याही बापाला दिसला नसता.

एकच चूक. एका यंत्रावर तिने खोटी ग्वाही दिली, दुसऱ्यावर टॅग मोडला. मला विचाराल तर दुसरं परवडलं.

विद्यार्थ्याने रास्त प्रश्न विचारला: “पण मॅडम, कंपायलरचं स्टॅक संरक्षण चालू होतं. मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंडही लावून बघितलं. कोणीच कसं बोललं नाही?” कारण सांडलं ते स्ट्रक्टच्या आतल्या आतच. स्टॅकचा पहारेकरी सगळ्या स्थानिक चलांच्या पलीकडे उभा असतो, घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाणी गेलं तर त्याला पत्ता लागत नाही. व्हॅलग्राइंडलाही ती सगळी जागा आपलीच दिसते.

दुरुस्ती एका शब्दाची: ६४ काढून ‘एमपीआय_मॅक्स_ऑब्जेक्ट_नेम’ लिहा. त्याबरोबर नावंही छोटी करा, कारण मानक या मर्यादेची हमी किमान ६४ इतकीच देतं आणि त्या मर्यादेत बसणारं नावही ठेवलं जाईलच असं वचन देत नाही.  शिवाय जे वेगळं ओळखायचं ते नावाच्या सुरुवातीला असावं, शेपटीला नको. आम्ही आता ‘एस२_एलआर’ आणि ‘आर२_एलआर’ अशी नावं देतो.

५२ आणि ५६

वेष्टण सुधारलं, लॉग नीट आला, नावं पूर्ण दिसली. आणि कण? ते हरवतच होते. पाठवणाऱ्याकडे ‘सेंड’चं नाव, घेणाऱ्याकडे ‘रिसीव्ह’चं. जसं हवं तसंच.

इथे आमच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळच लागला. डेटाटाइपचं नाव संदेशाबरोबर जात नाही. ते त्या-त्या प्रोसेसपुरतं असतं आणि त्याचा प्रोग्रामच्या वागण्यावर काहीही परिणाम होत नाही. रँक १ एखाद्या प्रकाराला काही म्हणो, रँक ६ने त्याला दुसरंच नाव दिलं किंवा मुळीच दिलं नाही तरी लायब्ररीला फिकीर नाही. नाव सांगतं ते इतकंच, की बांधणाऱ्याच्या मते हे काय आहे. आत खरोखर काय आहे ते विचारायचं असेल तर वेगळी दोन फंक्शनं आहेत, तीही एमपीआय-२मध्येच आलेली: ‘गेट_एन्व्हलप’ आणि ‘गेट_कंटेंट्स’.

पहिलं सांगतं की हा प्रकार कशाने बांधला: स्ट्रक्ट, व्हेक्टर, रिसाइझ्ड की नुसती प्रत. उत्तर ‘नेम्ड’ आलं की आपण मूळ प्रकारापर्यंत पोचलो, तिथे थांबून नाव विचारायचं. त्याला ‘गेट_कंटेंट्स’ विचारणं चूक आहे, तिथे एरर मिळतो. बाकी सगळ्यांना ‘गेट_कंटेंट्स’ विचारून आत उतरायचं. परत येताना आतून मिळालेले बांधीव प्रकार ‘एमपीआय_टाइप_फ्री’ने सोडायचे, मूळ प्रकार सोडायचे नाहीत. हे विसरलं तर दर संदेशाला थोडी मेमरी गळत राहते.

आम्ही चाळीसेक ओळींचं असं एक उतरणारं फंक्शन लिहिलं. त्याने दुसऱ्या फेरीबद्दल हे छापलं:

एस२_एलआर: रिसाइझ्ड(०, ५६) › स्ट्रक्ट › इंट×२, डबल×३, डबल×३
आर२_एलआर: रिसाइझ्ड(०, ५६) › स्ट्रक्ट › इंट×१, डबल×३, डबल×३

विद्यार्थी दोन ओळींकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, “मटेरियल.”

कणाच्या स्ट्रक्टमध्ये पूर्वी एक ओळख क्रमांक, तीन स्थानं आणि तीन वेग होते. जानेवारीत त्याने ओळख क्रमांकाला लागूनच आणखी एक पूर्णांक घातला, कण सिलिकाचा की चुन्याचा हे सांगणारा. पाठवणाऱ्या प्रकारात तो जोडला, घेणारा प्रकार दुसऱ्या फाइलमध्ये कॉपी-पेस्टने बांधलेला, तो तसाच राहिला. कंपायलर पूर्वीपासूनच ओळख क्रमांकानंतर चार बाइट रिकामे सोडत होता, डबल आठच्या पटीत बसावा म्हणून. नवा पूर्णांक नेमका त्या रिकाम्या जागेत गेला. त्यामुळे स्ट्रक्टचा आकार आधीही ५६ आणि नंतरही ५६. आकार छापून बघणाऱ्यालाही काही कळू नये, अशी ती जागा.

पण तारेवरून जाणारा माल मोजला तर पाठवणारा दर कणामागे ५६ बाइट पाठवतो आणि घेणारा ५२ची अपेक्षा करतो. तीन कण पाठवले की १६८ बाइट येतात, त्यात ५२चे तीन गठ्ठे आणि वर १२ बाइट. पूर्ण भाग जात नाही म्हणून ‘एमपीआय_गेट_काउंट’ ‘अनडिफाइन्ड’ म्हणतं, आणि तो स्थिरांक आमच्या दोन्ही लायब्रऱ्यांत उणे ३२७६६ आहे. पुढचं लूप शून्यापासून त्या संख्येच्या आतपर्यंत चालायचं, म्हणजे एकदाही चाललं नाही. तीन कण निमूटपणे गेले. लॉग यातलं काही दाखवत नव्हता, कारण घेणाऱ्या वेष्टणात आम्ही मागितलेला नग छापला होता, आलेला नाही. ती चूक माझी.

यात एक गंमतही आहे. तेराच्या पटीत कण आले की भाग पूर्ण जातो: १३ गुणिले ५६ म्हणजे ७२८, आणि तेच १४ गुणिले ५२. त्या वेळी तेरा कण पाठवून चौदा मिळायचे. पण पहिल्या ओळख क्रमांकानंतर सगळं चार बाइटने सरकलेलं, स्थानं कुठल्या कुठे गेलेली. हद्दीबाहेरचे कण काढून टाकणारी एक ओळ प्रोग्राममध्ये होतीच, तिने बाहेरच्या संख्येत न मोजता हे चौदाही झाडून टाकले. कोपऱ्यातून जाणारे कण मुळातच थोडे, म्हणून गळती मंद आणि आलेख देखणा.

आता दुसऱ्या फेरीचे पाठवणारा आणि घेणारा प्रकार एकाच फंक्शनमधून बांधले जातात. सुरुवातीलाच दोन्हींचा ‘एमपीआय_टाइप_साइझ’ तपासला जातो. एक्स्टेंट (मेमरीत व्यापलेली जागा) नव्हे, साइझ (प्रत्यक्ष जाणारा माल), कारण एक्स्टेंट दोन्हीकडे ५६ होता. साइझ जुळला म्हणजे सगळं जुळलं असंही नाही, दोन इंट आणि एक डबल सारखेच आठ बाइट घेतात. म्हणून उतरणाऱ्या फंक्शनची ओळ चालू धावेत एकदा छापून ठेवतो. त्या फंक्शनमध्ये मूळ प्रकार ओळखायला विद्यार्थ्याने आधी नावांची तुलना केली होती. ती मी काढायला लावली आणि हँडलची तुलना घातली. ‘लाँग_लाँग’ आणि ‘लाँग_लाँग_इंट’ हे एकाच प्रकाराचे दोन उच्चार आहेत, विचारल्यावर त्यातलं कोणतं परत येईल ते लायब्ररीच्या मर्जीवर. फोर्ट्रानवाल्यांना तर नाव मागे रिकाम्या जागा लावून मिळतं, त्यांची तुलना आणखी वेगळ्या कारणाने फसते.

हे सगळं हाताने करण्याची गरज होती का? मस्ट नावाचं साधन चालू प्रोग्राममध्ये पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या प्रकारांची न जुळलेली सही (आतल्या मूळ प्रकारांची यादी) पकडतं. ते आमच्याकडे बसवलेलं नव्हतं. आता बसवलं आहे. फक्त तेही त्याच पी-अक्षरी जुळ्या नावांवर चालतं, तेव्हा आपलं वेष्टण बाजूला काढूनच ते लावतो.

धाव पुन्हा केली. हवेतले, बसलेले आणि बाहेर गेलेले मिळून बरोबर दोन लाख. आलेख आला तो पहिल्यापेक्षा बराच सपाट: धूळ त्याला वाटत होती त्याहून जास्त वेळ हवेत राहते. आढावा बैठकीला चार दिवस होते. त्याने जुनं चित्र अहवालातून काढलं, मार्गदर्शकांना फोन लावला आणि बोलायला व्हरांड्यात गेला.